आधी चाक उलटं करून बघा

जुनी अलॉय, म्हणजे हलक्या मिश्रधातूची ओतीव, चाकं विकणारा माणूस फोटो नेहमी समोरून काढतो. धुऊन, पुसून, उन्हात टेकवून ठेवून. मला मात्र पहिला फोटो हवा असतो तो मागच्या बाजूचा. चाक हबवर, म्हणजे गाडीच्या ज्या फिरत्या भागावर ते बसतं त्यावर, टेकतं ती सपाट जागा, स्टडची (हबवरून बाहेर आलेल्या, नट चढवायच्या आटेदार दांड्यांची) भोकं, आतली कड आणि साच्यातच उठवलेले आकडे, हे सगळं मागे असतं. चाकाचं माप काय, त्याने आजवर काय काय सोसलं, ते तिथेच कळतं. पुढचे ओरखडे मेहनतीने जातात. मागची टेकायची जागाच खराब झाली असेल, तर पुढून कितीही चकाचक केलं तरी ते चाक मी गाडीला लावणार नाही.

माझी गाडी १९७२ची एमजीबी, छोटी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, टप उघडणारी. तिला मूळची रोस्टाइल नावाच्या धाटणीची पत्र्याची चाकं होती, १४ इंची, ५ इंच रुंदीची. दणकट चाकं आहेत ती, पण जड. एमजीबीला पुढेमागे जुन्या पद्धतीचे लिव्हर आर्म डँपर, म्हणजे चाकाची उसळी आवरणारे शॉक अ‍ॅब्सॉर्बर, असतात. चाक हलकं असलं की खड्ड्यातून बाहेर येताना त्याला आवरायला या डँपरना कमी कष्ट पडतात, आणि तो फरक स्टीअरिंगवर हाताला जाणवतो. शिवाय मिनिलाइट या नावाच्या चाकांची ती आठ आऱ्यांची धाटणी मला मनापासून आवडते. साठच्या दशकात मिनीच्या शर्यतींमधून ती नावारूपाला आली, आणि त्या काळातल्या छोट्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारना ती जशी शोभते तशी दुसरी कुठलीच शोभत नाही, असं माझं ठाम मत आहे.

मला सापडला तो याच धाटणीच्या, साडेपाच इंच रुंदीच्या पाच चाकांचा संच. विकणारे गृहस्थ वयस्कर होते. मागच्या बाजूचे फोटो मागितले तेव्हा त्यांना नवल वाटलं. "अगं, मागून कशाला? तिकडे कोण बघतंय?"

"काका, गाडी चाकाला तिकडूनच धरते," मी म्हटलं.

त्यांनी मुकाट्याने पाचही चाकं उलटी करून फोटो पाठवले, आणि पुढच्या वेळी बोलताना स्वतःहून व्हर्नियर, म्हणजे बारीक मापं घ्यायची पट्टी, घेऊन बसले. असा विकणारा मिळायला नशीब लागतं.

एमजीबीच्या चार स्टडचं पीसीडी, म्हणजे चारही स्टडच्या मध्यांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास, ११४.३ मिमी, म्हणजे साडेचार इंच. चार भोकं असली की मोजणं सोपं, समोरासमोरच्या दोन भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर घ्यायचं. ऑफसेट, म्हणजे हबला टेकायची जागा चाकाच्या रुंदीच्या मध्यापासून किती सरकलेली आहे ते, मोजायला जरा जास्त निगुतीने बसावं लागतं. चाक पालथं ठेवून आतल्या कडेवर सरळ पट्टी आडवी टाकायची आणि पट्टीपासून हबच्या टेकायच्या जागेपर्यंतची खोली मोजायची. त्यातून चाकाच्या एकूण बाहेरच्या रुंदीचं अर्धं वजा केलं की ऑफसेट. समजा खोली १०५ आली आणि कडेपासून कडेपर्यंत रुंदी १६५, तर ऑफसेट साडेबावीस मिमी. इथे रिमवर छापलेली साडेपाच इंच रुंदी धरून चालत नाही, कारण ती टायर बसतो त्या जागेची असते. दोन्ही बाजूंच्या कडा त्यात नसतात. बरेच जण इथे फसतात आणि मग टायर मडगार्डला का घासतो ते कळत नाही. माझ्या गाडीत मागच्या डाव्या चाकाला उजव्यापेक्षा जागा कमी आहे, म्हणून मी हिशेब डाव्या बाजूचाच धरला.

तुमच्या एमजीबीला तारांची चाकं असतील तर मात्र आधी थांबा. तिथे स्टड नसतातच, दातेरी हब असतो आणि मधे एकच मोठा नट. त्या गाडीचा मागचा अ‍ॅक्सलही आखूड असतो. अशा गाडीला स्टडवाली अलॉय लावायची तर अ‍ॅडाप्टर किंवा हब बदलणं आलं, आणि ऑफसेटचं गणित पहिल्यापासून मांडावं लागतं.

चाकं घरी आल्यावर पहिलं काम, धातू कुठला ते ओळखणं. अस्सल जुनी मिनिलाइट चाकं मॅग्नेशियमची होती. माझी नंतरच्या काळातली, अ‍ॅल्युमिनियमची, असं काका म्हणाले होते, तरी मी मागच्या बाजूला रंग थोडासा खरवडून उघड्या धातूवर व्हिनेगरचा थेंब टाकला. मॅग्नेशियम असतं तर लगेच बुडबुडे आले असते. आले नाहीत. ही चाचणी टाळू नका. मॅग्नेशियमचा भुसा पेट घेतो, आणि पेटल्यावर पाणी मारलं तर आग आणखी भडकते. घरच्या ग्राइंडरने त्याला हात लावण्यात काही शहाणपणा नाही.

मग धुणं आणि रंग उतरवणं. लॅकरखाली, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थराखाली, पांढरी, गांडुळासारखी वळवळत गेलेली गंजाची नक्षी होती, लॅकरला टवका उडून ओल आत शिरली की होते तशी. केमिकल पेंट रिमूव्हर लावला, प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडला. रंग लवकर निघतो म्हणून कुणी कॉस्टिक सोडा सुचवला तर ऐकू नका. कॉस्टिक अ‍ॅल्युमिनियमलाच खातो. भट्टी साफ करायच्या फवाऱ्यातही बहुधा तेच असतं. ब्लास्टिंग करून घ्यायचं तर बारीक काचेच्या मण्यांचं घ्यावं. लोखंडी छर्ऱ्यांचे कण अ‍ॅल्युमिनियममध्ये रुतून राहतात आणि वर रंग दिला तरी तिथूनच पुन्हा गंज धरतो.

धातू उघडा झाला की तडे शोधायचे. माझी नोकरी इन्स्पेक्शनमधली, त्यामुळे डाय पेनिट्रंटचे, म्हणजे न दिसणाऱ्या चिरा रंगाने दाखवणाऱ्या चाचणीचे, ते तीन डबे माझ्या रोजच्या ओळखीचे. आधी क्लीनरने चाक तेलाचा लवलेश राहणार नाही असं पुसायचं. मग लाल रंग फवारायचा आणि पंधरा-वीस मिनिटं तसाच ठेवायचा, म्हणजे चीर असेल तर तो तिच्यात उतरतो. मग कोरड्या फडक्याने, शेवटी क्लीनरने किंचित ओलसर केलेल्या फडक्याने वरचा लाल रंग पुसायचा. क्लीनर थेट चाकावर फवारायचा नाही, नाहीतर चिरेतलाही रंग धुऊन निघतो. मग पांढऱ्या डेव्हलपरचा पातळ थर, आणि वाट बघायची.

चार चाकं पांढरीच राहिली. पाचव्या चाकावर स्टडच्या एका भोकाजवळ आधी गुलाबीसर डाग उमटला, मग त्यातून एक बारीक लाल रेघ स्पष्ट झाली, भोकाच्या काठापासून आऱ्याच्या मुळाकडे गेलेली. नखाइतकी लांब. नुसत्या डोळ्यांना तिथे काहीही दिसत नव्हतं, बोट फिरवलं तरी लागत नव्हतं. मी पुसून पुन्हा सगळं पहिल्यापासून केलं, रेघ त्याच जागी आली.

वेल्डिंग करून भरता येईल, असं सांगणारे भेटतात. बाहेरची कड थोडी तुटली असेल तर जाणकार वेल्डरकडून भरून घेणं मी समजू शकते. आरा आणि स्टडची भोकं यांना मात्र नाही. सगळा भार तिथून जातो, आणि वेल्डच्या उष्णतेने आजूबाजूचा धातू मऊ पडतो. ते चाक मी करवतीने आरपार कापून भंगारात दिलं. नुसतं बाजूला टाकलं असतं तर ते कुणीतरी उचलून धुऊन पुन्हा विकलं असतं, हे मला पक्कं ठाऊक आहे.

चार चांगल्या चाकांचा वाटोळेपणा तपासायला वेगळं यंत्र लागत नाही. गाडीचाच पुढचा हब वापरायचा. बेअरिंगमध्ये ढिलाई नाही ना ते बघून चाक लावायचं, डायल गेज, म्हणजे बारीकशी हालचालही काट्यावर दाखवणारं मापक, स्टँडवर बसवून त्याचं टोक टायर बसतो त्या जागेला टेकवायचं आणि चाक हळूहळू फिरवायचं. आडवं आणि उभं, दोन्ही बघायचं. चारही चाकं मिलिमीटरच्या आत होती, मला तेवढं पुरे.

रंगाचं थोडक्यात सांगते, कारण त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. कडेचे ओरखडे बारीक कानशीने उतरवले, मग १२०, २४०, ४०० असे पॉलिश पेपर. एचिंग प्रायमर, चंदेरी रंग, वर लॅकर. पावडर कोटिंग मी केलं नाही. पावडर भाजायला १८० ते २०० अंश सेल्सिअस लागतात, आणि अशा मिश्रधातूंना ताकद देणारं एजिंग, म्हणजे ठरावीक वेळ तापवून ठेवणं, साधारण १५० ते १८० अंशांत झालेलं असतं. वेळ आणि तापमान सांभाळून एकदा केलं तर चालतं, पण जुन्या चाकाला आधी किती वेळा भट्टी दाखवली आहे हे मला कळायला मार्ग नव्हता.

रंग कुठे द्यायचा यापेक्षा कुठे द्यायचा नाही हे जास्त महत्त्वाचं. मागची टेकायची जागा आणि नट बसायच्या जागा मी टेपने काटेकोर झाकल्या. रंगाचा थर नटाखाली दाबला जातो, गाडी चालते तसा बसत जातो, आणि नटाचा ताण तेवढा कमी होतो. जाड पावडर कोटिंगमध्ये हे फार होतं. रंगवून आणलेल्या चाकांचे नट वारंवार सैल पडत असतील तर आधी तिथे बघा. टायरची कड बसते ती जागा मात्र नुसती घासून गुळगुळीत केली आणि लॅकरचा एकच पातळ हात दिला. जुन्या अलॉयमधून हळूहळू हवा जाते ती बहुतेकदा तिथल्या गंजामुळे.

नटांचा विषय वेगळाच. रोस्टाइलचे नट निमुळते, शंकूसारख्या बुडाचे. माझ्या अलॉयना लागतात ते लांब नळीचे नट. नळी चाकाच्या भोकात शिरते आणि वर सपाट वॉशर दाबतो. निमुळता नट सपाट जागेवर आवळला तर तो फक्त काठावर टेकतो आणि अ‍ॅल्युमिनियम खात सुटतो. कापलेल्या चाकावरची ती चीर अशाच चुकीच्या नटामुळे आली असावी, असा माझा अंदाज आहे. त्या भोकाचा काठ चेपलेला होता. एमजीबीचे स्टड अर्धा इंची यूएनएफ, म्हणजे बारीक आट्यांच्या इंची मापाचे, इंचाला २० आटे. नट किमान स्टडच्या जाडीइतका तरी चढायला हवा, म्हणजे हाताने मोजून दहा फेरे. अलॉयची टेकायची जागा पत्र्यापेक्षा पुष्कळ जाड असते, त्यामुळे जुने स्टड आखूड पडू शकतात. चाक लावून फेरे मोजा. माझे पुरले.

टायर घेतले १८५/७० आर १४. आधीच्या १६५ आर १४ पेक्षा व्यासाला जेमतेम सेंटीमीटरभर लहान, त्यामुळे स्पीडोमीटर थोडासाच पुढे दाखवतो. बॅलन्सिंगच्या वेळी मी तिथेच उभी होते. या चाकांचं मधलं भोक हबवर नेमकं बसत नाही, चाक मध्यावर धरतात ते नटच. मग बॅलन्सिंग यंत्रावर मधल्या भोकात शंकू घालून चाक पकडलं तर ते ज्या मध्याभोवती फिरतं तो गाडीवरचा मध्य असेलच असं नाही. मी स्टडच्या भोकांतून धरणारी प्लेट लावायला सांगितली. दुकानातल्या मुलाने ती कपाटातून शोधून काढली, धूळ झटकली आणि न कुरकुरता काम केलं. वजनं आतून चिकटवायची घेतली; कडेवर ठोकायच्या वजनांनी नवा रंग पहिल्याच दिवशी फुटतो.

बसवताना मागच्या ड्रमवरचे दोन स्क्रू नक्की बघा. त्यांची डोकी ड्रमच्या पृष्ठभागाच्या वर किंचितही आली तर पत्र्याचं चाक एकवेळ जुळवून घेतं, अलॉय डुगडुगतं. मी पोलादी पट्टी आडवी धरून बघितलं, एक डोकं वर होतं. खाच साफ केल्यावर स्क्रू खाली बसला. पुढे ब्रेक कॅलिपर आणि आरे यांच्या मधे चिकणमातीची गोळी दाबून चाक हाताने फिरवलं आणि उरलेली जाडी मोजली, तीन मिमीच्या वर आली. हबचे चेहरे तारेच्या ब्रशने स्वच्छ केले. पोलाद आणि अ‍ॅल्युमिनियम ओलाव्यात एकमेकांना धरून बसतात म्हणून हबच्या चेहऱ्यावर अँटीसीझचा, म्हणजे धातू एकमेकांना चिकटू न देणाऱ्या मलमाचा, अगदी पातळ हात फिरवला, पण स्टडच्या आट्यांना तेल-ग्रीस काही नाही. एमजीबीसाठी दिलेला टॉर्क, म्हणजे नट आवळायचा जोर, ६० ते ६५ पौंड-फूट, म्हणजे साधारण ८१ ते ८८ न्यूटन-मीटर, आणि तो कोरड्या आट्यांवरचा धरायचा. तेल लावलं की तेवढ्याच टॉर्कला स्टड कितीतरी जास्त ताणला जातो. समोरासमोरचे नट आलटून पालटून, तीन टप्प्यांत आवळले, शेवटचा टप्पा चाक जमिनीला टेकवून. पन्नास-साठ किलोमीटर चालवल्यावर गार चाकांवर टॉर्क रेंच पुन्हा लावला. पुढच्या उजव्या चाकाचे दोन नट किंचित फिरले, बाकी जागचे हलले नाहीत.

गाडी आता वळणावर पटकन वळते, आणि तुटक्या रस्त्यावर पूर्वी जो धक्का थेट मनगटात यायचा तो बराच बोथट झालाय. स्टीअरिंग थांबलेल्या गाडीत थोडं जड लागतं, टायर रुंद आहेत, ते चालायचंच.

पाचवं चाक गेल्यामुळे स्टेपनी अजून रोस्टाइलचीच आहे. तिला अलॉयचे नट चालत नाहीत, म्हणून जुने निमुळते चार नट साफ करून कापडी पिशवीत घातले आणि पिशवी डिकीत स्टेपनीलाच बांधून ठेवली. तुम्हीही असा मिश्र संच वापरत असाल तर आजच डिकी उघडून बघा, ते नट गाडीत आहेत की गॅरेजच्या फळीवर.