टाकला त्याने, नोटीस मला

मेल उघडली तर पहिलीच ओळ, अमुक पानावरचा फोटो आमचा आहे, ताबडतोब काढा. मी तो फोटो पाहिलाही नव्हता! माझ्या छोट्याशा साइटवर कुणीतरी रात्री अडीचला अपलोड केलेला, तोही कोपऱ्यातला वॉटरमार्क अर्धवट कापून, म्हणजे माल दुसऱ्याचा आहे हे त्याला पक्कं ठाऊक होतं. काढला लगेच, पण डोक्यात किडा वळवळत राहिला की चोरी त्याची तर मानगूट माझी का?

मग वाचत बसलो. अमेरिकेच्या १९९८ च्या डीएमसीए या कॉपीराइट कायद्यात यावर तोड आहे, लोकांनी टाकलेल्या मालासाठी साइटवाल्याकडून भरपाई घेत नाहीत, पण फुकटात नाही हं. नोटीस घेणारा एजंट कॉपीराइट ऑफिसात नोंदवायचा, तक्रार आली की पटकन काढायचं, पुन्हा पुन्हा तेच करणाऱ्याला हाकलायचं. व्हायाकॉम या अमेरिकन टीव्ही-सिनेमा कंपनीने २००७ मध्ये यूट्यूबवर एक अब्ज डॉलरचा दावा ठोकला तेव्हा भांडण इथेच अडलं, की आपल्याकडे चोरीचा माल असतो एवढं मोघम माहीत असणं पुरे की नेमका कुठला व्हिडिओ ते माहीत हवं. कोर्ट म्हणालं, नेमकं. (मुद्दाम डोळे मिटून घेतले तर मात्र तो बचाव टिकेलच असं नाही, हे २०१२ ला अपिलात आलंच.) २०१४ मध्ये तडजोड झाली.

युरोपने २०१९ ला दुसरं टोक धरलं, मोठ्या साइट्सनी आधी मूळ मालकाकडून लायसन्स मिळवायचा प्रयत्न करायचा. त्यांना जमेल, वकिलांची फौज आहे. मी आपला एजंटचा फॉर्म भरतोय, निम्मा झालाय.