बिटरस्वीट आणि आपली मालकांगोणी

ऑक्टोबर लागला, की मॅसॅच्युसेट्समध्ये घरोघरी दारांवर रानवेलींची गोल कडी टांगलेली दिसतात. पिवळे टरफल तीन पाकळ्यांसारखे उकलते आणि आत शेंदरी-तांबड्या गराचे बी दिसते. या वेलीला येथे बिटरस्वीट, म्हणजे ‘कडू-गोड’, म्हणतात. पुण्यात हा शब्द आपण चॉकलेटच्या वेष्टनावर वाचतो किंवा निरोप समारंभाच्या भाषणात ऐकतो. पण त्याचा वनस्पतींशी जुना संबंध आहे.

मूळ बिटरस्वीट युरोपातील. ती वांगी-बटाट्याच्या कुळातली असून तिचे शास्त्रीय नाव सोलॅनम डल्कामारा. तिची काडी चावली असता आधी कडू आणि मग गोड लागते, असे जुने वर्णन आहे. लॅटिन नावात मात्र ‘गोड’ आधी येते, आणि ग्रीक कवयित्री सॅफोने प्रेमाला लावलेल्या विशेषणातही तसेच. इंग्रजीने मात्र जिभेचा क्रम पाळला. पुढे अमेरिकेत आलेल्या युरोपीय वसाहतकऱ्यांना अगदी वेगळ्या कुळातील एका वेलीवर तशीच तांबडी फळे दिसली आणि त्यांनी ओळखीचे नाव तिला देऊन टाकले. चवीवरून पडलेले नाव असे केवळ रूपसाम्यावर दुसरीकडे गेले.

ही दुसरी वेल सेलॅस्ट्रस वंशातील, म्हणजे मंडईजवळच्या काष्ठौषधींच्या दुकानांत जिच्या बिया आणि तेल मिळते त्या आपल्या मालकांगोणीची, आयुर्वेदातील ज्योतिष्मतीची, सख्खी बहीण. सह्याद्रीत मालकांगोणीचे पिकलेले घोस पाहिलेल्या माणसाला दारावरचे कडे परके वाटणार नाही.

दारांवर बहुधा दिसते ती मात्र पूर्व आशियातून एकोणिसाव्या शतकात बागांसाठी आणलेली, याच वंशातील तिसरी जात. ती झाडाला आवळून मारते, पक्षी तिचे बी दूरवर नेतात, आणि म्हणून या राज्यात तिच्या विक्रीवर बंदी आहे. स्थानिक वेलीला फळे फांदीच्या टोकाशी येतात, परक्या वेलीला पानांच्या बेचक्यांत फांदीभर. शोभेसाठी ही परकी वेल तोडून आणावी आणि वाळल्यावर परसात फेकून द्यावी, म्हणजे तिचा प्रसार आपणच करावा, ही रीत मला मुळीच पटत नाही.

सदाशिव पेठेतील मावशींनी व्हिडिओ कॉलवर कडे पाहून ‘स्मरणशक्तीसाठी थोडे बी घेऊन ये’ असे फर्मावले. वंश एक असला तरी जात वेगळी आहे आणि येथील फळे विषारी मानली जातात, तेव्हा मालकांगोणी हवी असल्यास मंडईतूनच आणावी, असे त्यांना कळवले आहे.