पहिल्याची सर नाही म्हणे!

कॉमेडी सिनेमाचा दुसरा भाग आला की परीक्षण लिहायला सिनेमा बघायची गरजच नसते. "पहिल्याची सर नाही" असं एक वाक्य टाकलं की झालं काम. आणि बऱ्याचदा ते खरंही असतं, मी नाही म्हणत नाही. 'कॅडीशॅक २' बघून कोणी मला सांगितलं की हा अंडररेटेड आहे तर मी हात जोडून घरी जाईन. पण या एका वाक्याच्या रोडरोलरखाली काही फार भारी सिनेमे चिरडले गेलेत आणि त्यांच्या बाजूने कोणीतरी भांडायला पाहिजे, म्हणून हा उद्योग.

कॉमेडीचा सिक्वेल मुळातच अवघड असतो. ॲक्शनपटात काय, मागच्या वेळी एक पूल उडवला असेल तर यावेळी तीन उडवा, पब्लिक खूश. विनोदाचं तसं नाही, विनोद चालतो तो अनपेक्षितपणावर, आणि तोच किस्सा दरवेळी आवाज वाढवून सांगणाऱ्या काकांना आपण दुसऱ्यांदा जेमतेम हसतो आणि तिसऱ्यांदा मोबाईल काढतो. पण दुसऱ्या भागाकडे एक जबरी फायदा पण असतो ज्याचा विचारच कोणी करत नाही. पहिल्या सिनेमातला अर्धा तास तरी ओळखीपाळखीत जातो, हा कोण, तो असा का वागतो, यांचं जग कसं चालतं. दुसऱ्यात ते सगळं झालेलं असतं, पहिल्या मिनिटापासून नुसता धिंगाणा घालायची मुभा. आता ती मुभा घ्यायची की मागच्याच पेपरची कॉपी करायची, सगळी भानगड तिथे आहे.

मुभा घेणं म्हणजे काय ते बघायचं असेल तर 'ग्रेमलिन्स २: द न्यू बॅच' बघा. ग्रेमलिन्स म्हणजे गावभर धुडगूस घालणारे छोटे उपद्रवी राक्षस, पहिला 'ग्रेमलिन्स' १९८४ चा, दणकून चाललेला. स्टुडिओ सिक्वेलसाठी मागे लागला होता, दिग्दर्शक जो दान्तेला काही इंटरेस्ट नव्हता, शेवटी "तुला हवं ते कर" म्हणाले तेव्हा कुठे गडी तयार झाला. आणि मग त्याने खरंच हवं ते केलं! १९९० मध्ये आलेला हा सिनेमा म्हणजे स्वतःच्याच पहिल्या भागाची केलेली यथेच्छ टिंगल आहे. पहिल्यात केट नावाची मुलगी आपल्याला ख्रिसमस का आवडत नाही ते सांगते, वडील सांताक्लॉज बनून चिमणीतून उतरताना घसरून आत अडकले, मान मोडली, आणि वास यायला लागल्यावर घरच्यांना कळलं. विनोदी सिनेमात मध्येच असं काहीतरी भयाण, आणि ते पण अगदी गंभीर चेहऱ्याने. स्टुडिओला तो सीन नकोच होता. तर दुसऱ्या भागात सगळ्या बिल्डिंगमध्ये ग्रेमलिन्सचा हैदोस चालू असताना हीच केट थांबते, डोळे दूर कुठेतरी लावते, आणि लिंकनच्या जयंतीला एकदा आपल्या बाबतीत काय झालं होतं ते सांगायला लागते. तोच आवाज, तोच कातर सूर, टोपीवाला दाढीवाला माणूस वगैरे, आणि बाकीचे तिला मध्येच तोडून पुढे ओढून नेतात, ती गोष्ट शेवटपर्यंत ऐकायला मिळतच नाही. मी तर उशीत तोंड खुपसून हसलो होतो.

तसंच त्या नियमाचं. त्या गोंडस प्राण्याला मध्यरात्रीनंतर खायला घालायचं नाही, घातलं की त्यातून ग्रेमलिन्स होतात, हा पहिल्या भागाचा अख्खा डोलारा, आणि दुसऱ्या भागात कंट्रोल रूममधले कर्मचारी सरळ विचारतात की समजा तो प्राणी विमानात बसून खातोय आणि टाइम झोन बदलला तर काय? म्हणजे पहिला सिनेमा बघून आपल्यातल्या प्रत्येक आगाऊ माणसाने काढलेली खुसपटं सिनेमानेच काढली, आता तुम्ही काय बोलणार. पहिल्या भागाची वाट लावणारं परीक्षण लिहिणारे खरे समीक्षक लेनर्ड मॉल्टिन स्वतः यात येतात, पडद्यावर परत पहिल्याला नावं ठेवतात आणि ग्रेमलिन्स त्यांच्यावर तुटून पडतात. आणि मग सिनेमाच्या मध्यावर रीळ जळतं, पडदा पांढरा होतो, ग्रेमलिन्स प्रोजेक्टर रूममध्ये घुसून पडद्यावर हाताच्या सावल्या पाडायला लागतात, आणि शेवटी प्रेक्षकांत बसलेला कुस्तीवीर हल्क होगन उठून दम देतो तेव्हा सिनेमा पुढे सुरू होतो. व्हिडिओ कॅसेट काढताना हा प्रकार घरच्या टीव्हीवर चालणार नाही म्हणून त्यांनी तो तुकडाच बदलला, कॅसेटमध्ये बिघाड झाल्यासारखं दाखवलं आणि ग्रेमलिन्सचा समाचार घ्यायला चक्क जुन्या काउबॉयपटांचा हिरो जॉन वेनला आणलं. एका विनोदासाठी एवढी मेहनत कोण घेतं हो?

आणि एवढं करून झालं काय, तर आपटला. 'डिक ट्रेसी' त्याच दिवशी लागला हे एक, पण मूळ कारण मला वाटतं की लोकांना पहिलाच सिनेमा परत हवा होता. अमेरिकेत पहिल्याने जे कमावलं त्याच्या एक तृतीयांश सुद्धा याला मिळालं नाही.

इथे मला प्रेक्षक म्हणून आपलीच जरा गंमत वाटते. आपण सगळे ओरडत असतो की काहीतरी नवीन दाखवा, आणि तिकिटं कशाची काढतो? 'द हँगओव्हर पार्ट २' (२०११) बघा, पहिल्या भागातलं लास वेगास खोडून बँकॉक लिहिलंय, बाकी तेच, सकाळी उठायचं, रात्रीचं काही आठवत नाही, एक माणूस गायब. समीक्षकांनी धुतला, आणि जगभरातला धंदा पहिल्यापेक्षा जास्त! '२२ जंप स्ट्रीट'वाल्यांनी (२०१४) तर हे तोंडावरच सांगून टाकलं, सुरुवातीलाच साहेब त्या दोघा पोलिसांना बजावतात की मागच्या वेळी चाललं ना, मग यावेळी बजेट जास्त आहे, पण करायचं अगदी तेच. आणि शेवटच्या श्रेयनामावलीत पुढच्या अशक्य सिक्वेल्सची पोस्टरं येत राहतात, येतच राहतात, ती बघायला खुर्चीतून न उठणं सक्तीचं आहे. तो मात्र चालला, त्यामुळे त्याची वकिली करायची गरज नाही.

वकिली करायचीय ती 'ॲडम्स फॅमिली व्हॅल्यूज'ची (१९९३). ॲडम्स म्हणजे भयाण गोष्टींतच रमणारं एक विचित्र कुटुंब. पहिला १९९१ चा, ठीक होता, छान सेट्स, छान कपडे, गोष्ट म्हणाल तर उगाच. दुसऱ्यात गोष्ट आहे, आणि ती पण धारदार. घरातली मुलगी वेन्सडे आणि तिच्या भावाला उन्हाळी शिबिराला पाठवतात, सोनेरी केसांची, सतत हसणारी मुलं आणि त्याहून जास्त हसणारे शिबिरचालक. वेन्सडे हसत नाही म्हणून शिक्षा म्हणून एका झोपडीत कोंडून गोडगोड सिनेमे दाखवतात. बाहेर आल्यावर ती सगळ्यांसमोर उभी राहते आणि हसायचा प्रयत्न करते. क्रिस्टिना रिचीचा तो चेहरा बघाच, ओठांचे कोपरे एकेक करून जणू क्रेनने वर उचलल्यासारखे, डोळे मात्र जिथल्या तिथे थंडगार. समोरची मुलं हसू बघून घाबरतात! आणि मग शिबिराचं थँक्सगिव्हिंगचं नाटक, म्हणजे गोरे आणि मूळ अमेरिकन लोक एकत्र जेवल्याची गोष्ट, त्यात हिला मूळ अमेरिकन पोकाहोंटस करतात, ही सगळी शहाण्यासारखी पाठ केलेली वाक्यं म्हणत येते, मध्येच थांबते, आणि गोऱ्यांनी आमच्या जमिनी घेतल्या, पुढे आमचं काय होणार आणि तुम्ही काय मजा मारणार याचा शांतपणे हिशोब मांडून स्टेज पेटवून देते. मुलांच्या म्हणवल्या जाणाऱ्या सिनेमात, १९९३ मध्ये.

त्यात परत जोन क्युसॅक. ती नवऱ्यांना मारून पैसे लाटणारी डेबी, शेवटी सगळ्यांना विजेच्या खुर्च्यांवर बांधून स्लाइड शो दाखवते की मी अशी का झाले. लहानपणी बॅलेरिना बार्बी मागितली होती, आईबापांनी मालिबू बार्बी आणून दिली. म्हणून त्यांना जाळलं. आणि कहर म्हणजे ॲडम्स कुटुंब मनापासून तिची बाजू समजून घेतं. अमेरिकेत पहिल्याने अकरा कोटी डॉलर्सच्या वर कमावले होते, याने त्याच्या निम्मे पण नाहीत. पुढे २०२२ मध्ये वेन्सडेवर सिरीज आली, जगभर गाजली, रिचीलाही त्यात वेगळ्या भूमिकेत घेतलं, तेव्हा कुठे लोक या सिनेमाकडे वळले.

(जाता जाता: त्या शिबिराचा चालक झालेला पीटर मॅकनिकल हाच 'घोस्टबस्टर्स २' मध्ये जगातल्या कुठल्याच देशात न सापडणाऱ्या ॲक्सेंटमध्ये बोलणारा म्युझियमवाला यानोश आहे, आणि तो सिनेमाही त्याच्यासाठी एकदा बघण्यासारखा आहे. सिक्वेलमध्ये येऊन भाव खाऊन जाणं हा या माणसाचा धंदाच असावा.)

१९९३ साल तसं सिक्वेलवाल्यांचंच. 'सिस्टर ॲक्ट २' त्याच वर्षीचा, समीक्षकांनी नाकं मुरडली, पण पुढे मोठी गायिका झालेली लॉरिन हिल यात शाळकरी मुलगी होऊन गाते तिथे मान डोलवत नाही असा माणूस मी बघितला नाही. 'वेन्स वर्ल्ड २' मध्ये वेन एका पेट्रोल पंपावर रस्ता विचारतो, तिथला माणूस भावुक होऊन आठवण सांगायला लागतो पण ॲक्टिंग भंगार, वेन वैतागून म्हणतो एवढ्याशा रोलला का होईना, यापेक्षा बरा कोणी मिळेल का, तर त्या माणसाला बाजूला करून 'बेन-हर'वाल्या चार्ल्टन हेस्टनला आणतात, तो तेच वाक्य म्हणतो आणि वेन ढसाढसा रडतो. एवढाच जोक. बाकीचा सिनेमा विसरलात तरी चालेल.

'बिल अँड टेड्स बोगस जर्नी' (१९९१) वर खरं तर वेगळं लिहायला हवं. पहिल्यात दोघे टाइम मशीनमधून इतिहास फिरून आले, मग दुसऱ्यात परत तेच केलं असतं तरी कोणी काही बोललं नसतं. यांनी हिरोंनाच मारून टाकलं. मेल्यावर गाठ पडते साक्षात मृत्यूशी, बर्गमनच्या 'द सेव्हन्थ सील'मध्ये मृत्यू बुद्धिबळ खेळतो ना, तसंच, फक्त इथे बॅटलशिप, क्लू आणि ट्विस्टर असले पोरांचे घरगुती खेळ. आणि मृत्यू प्रत्येक डाव हरतो, हरला की रडीचा डाव, तीनपैकी दोन, नाही नाही, पाचपैकी तीन. विल्यम सॅडलरने ते काम असं केलंय की पुढचा सगळा सिनेमा तो मृत्यूच खाऊन टाकतो.

आपल्याकडचं उदाहरण म्हणजे 'फिर हेरा फेरी', २००६ चा. लागला तेव्हा पहिल्यापुढे काहीच नाही म्हणून बोलणारेच आज त्याचेच मीम फॉरवर्ड करत असतात. सिनेमा म्हणून पहिला चांगला, हे मलाही मान्य, पण डायलॉग कुठल्यातले जास्त तोंडात बसलेत ते बघा.

बघायला घेणार असाल तर एक सांगतो. 'ॲडम्स फॅमिली व्हॅल्यूज' थेट लावा, पहिला नाही बघितला तरी काही अडत नाही. 'बोगस जर्नी'चंही तसंच. 'ग्रेमलिन्स २' साठी मात्र आधी पहिला बघायलाच लागतो, नाहीतर लिंकनवाला जोक फुकट जाईल.