पॅनलमागच्या चार इंचांसाठी

आमच्या इमारतीची पश्चिमेची भिंत दुपारभर तापायची आणि रात्री खोल्यांना भाजायची. विटांच्या भिंतीचं हे असंच असतं. बाहेरून शोषलेली उष्णता आतल्या बाजूला पोचायला काही तास जातात, म्हणून बाहेर गार झालं तरी आत एसी चालूच. गच्चीवर जागा उरली नव्हती. तेव्हा याच भिंतीवर सौर पॅनल लावावेत असं व्यवस्थापन समितीत निघालं आणि पाठपुरावा माझ्या गळ्यात पडला.

पहिला आक्षेप रास्त होता. उभं पॅनल योग्य कलात बसवलेल्या पॅनलपेक्षा वर्षाकाठी कमी वीज देतं, आणि पश्चिमेला तर अर्धा दिवस थेट ऊनच नसतं. नुसती वीज मोजली असती तर प्रस्ताव तिथेच बारगळला असता. मी दोन रकाने मांडले. एकात पॅनल तयार करतील ती वीज, दुसऱ्यात भिंत सावलीत गेल्यामुळे एसीला लागणारच नाही ती वीज. शिवाय ही भिंत वीज देणार ती दिवस कलताना, एसीची मागणी चढलेली असते नेमकी तेव्हा. समितीतल्या हिशेबी मंडळींना हे पटलं.

खरी ओढाताण पुढे झाली, पॅनल आणि भिंत यांच्यामधल्या पोकळीवरून. पॅनल भिंतीला जवळजवळ चिकटवून बसवू, ब्रॅकेट आखूड लागतील, काम स्वस्तात होईल, असं ठेकेदाराचं म्हणणं. पण पॅनलवर पडणाऱ्या उन्हातला साधारण पाचवा हिस्साच वीज होतो. थोडं ऊन परावर्तित होतं, बाकीची सगळी उष्णता. ती मागे कोंडली तर भिंत तापते आणि पॅनलही. सिलिकॉनच्या पॅनलची क्षमता २५ अंश सेल्सिअसला मोजलेली असते. त्यावर दर अंशाला ती साधारण ०.३ ते ०.५ टक्क्यांनी घटते. म्हणजे पॅनल २० अंशांनी गार राहिलं तर ६ ते १० टक्के वीज वाचली! मागे पोकळी ठेवली, खाली आणि वर तोंडं उघडी सोडली, की तापलेली हवा आपोआप वर चढून बाहेर पडते आणि खालून ताजी हवा ओढली जाते. पंखा नको, मोटर नको. मी चार इंचांवर अडून बसलो आणि ब्रॅकेट लांब आले.

लांब ब्रॅकेट म्हणजे भिंतीवर जास्त ताण, कारण पॅनलचं वजन भिंतीपासून दूर लटकतं, शिवाय वाऱ्याची ओढ. जुन्या विटांत अँकर, म्हणजे ब्रॅकेट भिंतीत धरून ठेवणारे बोल्ट, किती धरतात हे ओढून तपासल्याशिवाय संरचना अभियंत्याने सही केली नाही. काही ठिकाणी अँकर सरळ काँक्रीटच्या तुळईत न्यावे लागले.

अग्निसुरक्षेच्या तपासणीत तर सगळा प्रस्तावच डळमळला. जी पोकळी हवा वर नेते तीच आग लागल्यावर धुराड्यासारखी ज्वाळाही वर नेणार. दर मजल्याला ती बंद करा, असा आग्रह झाला. पण बंद केली तर हवा थांबणार. तोडगा निघाला फुगणाऱ्या पट्ट्यांचा. एरवी त्यांच्या बाजूने हवा जाते, आगीची झळ लागली की त्या फुगून वाट बुजवतात. पॅनलही दोन्हीकडून काचेचे घेतले, मागे प्लॅस्टिकचा थर असलेले नाकारले. खर्च वाढला, आणि या एका बाबतीत मी कोणाशीही घासाघीस केली नसती.

तोंडांवरच्या जाळीचा प्रश्न किरकोळ वाटला होता, पण जाळी बारीक घेतली तर हवा अडते, मोठी घेतली तर पक्षी घरटी करतात. मधली घेतली, ती साफ करावी लागते.

बचत मोजणं सगळ्यात चिवट निघालं. वीज किती तयार झाली ते पॅनलची वीज वापरायोग्य करणारा इन्व्हर्टर दाखवतो, न वापरलेली वीज मात्र कोणताच मीटर दाखवत नाही. मागच्या वर्षीचं बिल शेजारी ठेवणंही फसवं, कारण उन्हाळा दरवर्षी सारखा तापत नाही. म्हणून भिंतीचा एक भाग पॅनलविना सोडला आणि दोन्हीकडे आतल्या पृष्ठभागावर तापमापक लावले. फरक सर्वात ठळक दिसतो तो रात्रीच्या सुरुवातीला. ढगाळ दिवशी दोन्ही रेषा जवळजवळ एकच होतात, आणि समितीतले एक सदस्य नेमका तोच आलेख बैठकीत पुढे करतात.