फोकस चुकतोय? लेन्स उघडायच्या आधी फिल्मच्या जागी बघा

आरशातून लेन्समधलंच दृश्य दाखवणाऱ्या जुन्या एसएलआर कॅमेऱ्यांवर, म्हणजे पेन्टॅक्स के१०००, झेनिट-ई वगैरेंवर, फोटो शार्प येत नाहीत म्हटलं की पहिला संशय लेन्सवर जातो. लगेच स्क्रूड्रायव्हर बाहेर येतो, आणि बॉडीतला दोष राहतो तिथेच, वर लेन्सही बिघडते. व्ह्यूफाइंडरमध्ये शार्प दिसलेलं फिल्मवर मऊ येत असेल तर लेन्स बहुतेक वेळा निर्दोष असते. दोन्हीकडे तीच लेन्स प्रतिमा पाठवतेय, मग फरक पडतोय तो मिरर (लेन्समागचा आरसा), स्क्रीन (व्ह्यूफाइंडरचं चित्र जिच्यावर उमटतं ती काच) किंवा फिल्मच्या बैठकीत.

सुरुवात निगेटिव्हपासून करा, स्कॅनपासून नाही. लाइट टेबलवर ठेवून १० एक्सच्या भिंगातून बघा. ग्रेन टोकदार दिसतोय आणि चित्र मऊ आहे, तर गडबड कॅमेऱ्यात. निगेटिव्ह भिंगातून चांगली दिसतेय आणि स्कॅनच मऊ आहे, तर स्कॅनर बघा. घरगुती फ्लॅटबेडवर हे सर्रास होतं. मग फोटो हललाय का ते तपासा. हललेल्या फोटोत प्रत्येक दिव्याची, प्रत्येक चमकत्या ठिपक्याची रेघ एकाच दिशेला ओढलेली दिसते. फोकस चुकलेला असेल तर चित्रात कुठेतरी, डोळ्यांऐवजी कानावर किंवा मागच्या भिंतीवर, काहीतरी शार्प सापडतंच. कुठेच काही शार्प नाही आणि उजेडाभोवती धुकट वलय आहे, तर लेन्समध्ये टॉर्च मारा. आतल्या काचेवर तेलाची वाफ किंवा बुरशी असणार. कोकणातल्या, मुंबईतल्या पावसाळ्यांत कपाटात पडून राहिलेल्या लेन्समध्ये हे नेहमीचंच, आणि ते फोकस जुळवून जाणार नाही.

आता थोडे आकडे, कारण किती फरकाने बिघडतं हे कळल्याशिवाय हात लावू नये. ५० मिमी लेन्स अनंतावरून १ मीटरवर आणायला काचा साधारण २.६ मिमी पुढे सरकतात. यात ०.१ मिमीची चूक झाली की अनंताचा फोकस २५ मीटरवर येऊन बसतो आणि २ मीटरवरचा माणूस १४ सेंटिमीटरने चुकतो. एफ/२ वर, म्हणजे मोठ्या अपर्चरला, फिल्मपाशी चालणारी ढील जेमतेम ०.०६ मिमी, एफ/८ च्या छोट्या अपर्चरला मात्र ०.२४. उन्हात काढलेले फोटो ठीक आणि घरातले सगळे वाया, असं होतं ते यामुळे. छोट्या अपर्चरखाली दोष झाकला जातो.

तपासणीला एक ग्राउंड ग्लास, म्हणजे फिल्मच्या जागी ठेवून चित्र बघायची दुधाळ काच, लागतो. फ्रेमवाल्याकडून दीड-दोन मिमी जाडीच्या काचेचा ३३ × ५० मिमी तुकडा कापून घ्या, कडा घासून घ्या, आणि एका बाजूला पाणी व ४०० नंबरची कार्बोरंडम पावडर टाकून दुसऱ्या काचेने गोल गोल घासा. काच एकसारखी दुधाळ झाली की पुरे. मागचं झाकण उघडा, शटर बी वर (बटण दाबलेलं असेपर्यंत उघडं राहतं ती सेटिंग) ठेवा, लॉक होणारी केबल रिलीज लावा, कॅमेरा ट्रायपॉडवर. अपर्चर पूर्ण उघडं हवं, कारण के१००० मध्ये शटर दाबताच पात्या निवडलेल्या आकड्यावर बंद होतात. झेनिटसोबत येणाऱ्या हेलिओस ४४-२ लेन्सवर अपर्चरच्या दोन्ही रिंगा उघड्या ठेवा. काचेची दुधाळ बाजू लेन्सकडे करून ती रेलवर टेकवा.

कुठल्या रेलवर, यातच बहुतेकांची फसगत होते. फिल्मगेटच्या वर-खाली दोन जोड्या असतात. आतल्या जोडीवर फिल्म टेकते, बाहेरच्या किंचित उंच जोडीवर प्रेशर प्लेट, म्हणजे झाकणातली फिल्म दाबून धरणारी पट्टी. काच आतल्या जोडीवरच बसली पाहिजे, म्हणून रुंदी ३५ मिमीच्या आत. बाहेरच्या रेलवर टेकली तर ०.२ मिमीच्या आसपास मागे जाते आणि धडधाकट लेन्स अनंतावर लावूनही १२-१३ मीटरवर फोकस करतेय असं दिसतं. मग माणूस उगाच लेन्स ‘दुरुस्त’ करायला घेतो. सूक्ष्मदर्शकाची स्लाइडही घेऊ नका; २५ मिमी रुंदीची ती पट्टी २४ मिमीच्या गेटवर नीट टेकतच नाही.

लक्ष्य किमान अर्ध्या किलोमीटरवरचं, बारीक आडव्या-उभ्या रेघांचं घ्या. पुण्यात असाल तर सिंहगडावरचा टीव्ही टॉवर, नाहीतर कुठलाही मोबाइल टॉवर. वेळ सकाळची, कारण दुपारी तापलेल्या हवेत रेघा नाचतात. बघायला १० एक्सचं भिंग. नसेल तर दुसरी ५० मिमी लेन्स उलटी धरा, पाचपट मोठं दिसतं.

आधी शटर बंद असताना व्ह्यूफाइंडरमधून फोकस करा, रिंगला हात न लावता शटर उघडून काचेवर बघा. दोन्हीकडे शार्प आणि रिंग अनंताच्या खुणेवर, तर प्रेशर प्लेटची स्प्रिंग आणि स्वतःचा चष्मा तपासा. के१००० ला डायॉप्टरची, म्हणजे व्ह्यूफाइंडर डोळ्याच्या नंबरला जुळवायची, सोय नाही, चाळिशी लागलेल्या डोळ्याला तिथे चकवा बसतो. दोन्हीकडे शार्प पण खूण जुळत नाही, तर दोष लेन्सच्या पट्टीचा. रिंग अनंताच्या पुढेही जात असेल तर खुशाल सोडून द्या, फोटो बिघडत नाहीत.

दोन्हीकडे वेगळं दिसलं, तर बॉडी. स्क्रीनच्या वरच्या आणि खालच्या भागात फरक असेल तर मिररचा कोन चुकलाय. मिरर ज्या पिनवर विसावतो तिथे कुजलेल्या फोमचा चिकट काळा गोळा अडकलाय का ते आधी बघा. तो साफ केला तरी कोन चुकत असेल तेव्हाच पिनचा एक्सेंट्रिक (मध्यापासून सरकलेला) स्क्रू फिरवायचा, तोही केसभर. फरक सगळीकडे सारखा असेल तर स्क्रीनची उंची. कोणीतरी साफसफाई करून स्क्रीन उलटी बसवलेली असू शकते. खरखरीत बाजू खाली, मिररकडे हवी. पेचांची डोकी खरवडलेली दिसली तर हा संशय पहिला.

दूरचं दोन्हीकडे शार्प होतच नसेल, तर लेन्स फिल्मपासून लांब बसलीय. अडॅप्टर आहे का? एम४२ (४२ मिमी आट्याचं) आणि पेन्टॅक्स के, दोन्ही माउंटचं फिल्मपासूनचं अंतर ४५.४६ मिमी, त्यामुळे अडॅप्टर माउंटच्या आत समपातळीत बसायला हवा. कडेला कॉलर असलेला स्वस्त अडॅप्टर १ मिमी वाढवतो, आणि मग ५० मिमी लेन्स अडीच मीटरपलीकडे जात नाही. निकॉन एफचं अंतर ४६.५, तिथे बिनकाचेच्या अडॅप्टरने एम४२ लेन्सला अनंत मिळणारच नाही. जुन्या झेनिटच्या एम३९ लेन्स ४५.२ मिमीच्या, रिंग घालून एम४२ बॉडीवर लावल्या की ०.२६ मिमी कमी पडतात. आणि झॉर्की-फेड या रेंजफाइंडर कॅमेऱ्यांच्या लेन्सचा आटा तोच ३९ मिमीचा असला तरी अंतर २८.८, त्यामुळे लेन्स बसते पण काही जुळत नाही.

अडॅप्टर नसेल तरच लेन्स. हेलिओस ४४-२ मध्ये फोकस रिंगवर तीन बारीक ग्रब स्क्रू (बिनडोक्याचे पेच) असतात. ते सैल करून, ग्राउंड ग्लासवर टॉवर शार्प ठेवून, रिंग अनंताच्या अडणीपर्यंत आणून पुन्हा कसायचे. एवढ्यावर पुष्कळदा काम होतं. काचांच्या गटाखालची पातळ शिम (अंतर भरणारी चकती) हरवली तर लेन्स अनंताच्या पुढे जाते, जास्तीची आली तर अनंत गाठत नाही. हेलिकॉइड, म्हणजे काचा पुढे-मागे नेणारा आट्याचा भाग, वेगळं करायची वेळ आलीच तर दोन भाग सुटतात त्या नेमक्या क्षणी दोन्हींवर रेघ ओढा. आट्याला अनेक तोंडं असतात, चुकीच्या तोंडातून चढवलं की अनंत काही मिलिमीटरने हलतं. जुनं ग्रीस लायटर फ्लुइडने पुसा, नवं हेलिकॉइडचं ग्रीस अगदी पातळ थरात. शिलाई मशीनचं तेल अजिबात नको, महिनाभरात ते अपर्चरच्या पात्यांवर उतरतं.

शेवटी फिल्मवर खात्री करा. मोजपट्टी ४५ अंशांत तिरकी ठेवा, मधल्या आकड्यावर फोकस करा, एफ/२ वर १ मीटर आणि २ मीटरवरून दोन-दोन फ्रेम, एक फ्रेम टॉवरची. प्रत्येक फ्रेमआधी रिंग एका टोकाला नेऊन नव्याने फोकस करा, नाहीतर तीच एक चूक सगळ्या फ्रेममध्ये उतरेल.