वॉर्डपासून प्रयोगशाळेपर्यंत

इंदूरला वैद्यकीय शिक्षणाची परंपरा जुनी आहे. १८७८ साली येथे सुरू झालेली वैद्यकीय शाळा पुढे किंग एडवर्ड मेडिकल स्कूल म्हणून ओळखली गेली, १९४८ मध्ये महात्मा गांधी स्मृती वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले आणि त्याला जोडून महाराजा यशवंतराव रुग्णालयाची सात मजली इमारत आली. आपल्याकडे तिला कोणी पूर्ण नावाने संबोधत नाही. रामबागेतल्या आजीपासून रिक्षावाल्यापर्यंत सर्वांसाठी ते ‘एम. वाय.’च आहे. रुग्ण आणि वैद्यकीय विद्यार्थी असे शहराच्या मध्यभागी राहिले. जीवशास्त्राचे मूलभूत संशोधन मात्र हळूहळू बाहेर सरकले. देवी अहिल्या विश्वविद्यालयाचे जैवतंत्रज्ञान व जीवविज्ञानाचे विभाग खंडवा रोडवर आहेत, आणि २००९ मध्ये स्थापन झालेली आयआयटी त्याच रस्त्याने आणखी पुढे, सिमरोलला.

या अंतराचा अर्थ मला माझ्या भाचीमुळे कळला. ती शहराबाहेरील एका संस्थेत पीएच.डी. करते आणि तिच्या कामासाठी रुग्णांचे रक्त लागते. जांभळ्या झाकणाच्या नळ्या, थर्माकोलचा डबा, बर्फाच्या पिशव्या आणि डब्यावर चिकटपट्टीने लावलेला वेळेचा कागद, एवढा सरंजाम घेऊन ती निघते. नळीतले रक्त शरीराबाहेर आल्यावरही स्वस्थ बसत नाही: पांढऱ्या पेशींमधील आरएनएचे, म्हणजे जनुकांचा संदेश वाहणाऱ्या रेणूंचे, चित्र काही तासांत बदलू लागते, आणि धक्क्यांनी तांबड्या पेशी फुटल्या तर त्यांच्यातले हिमोग्लोबिन द्रवात मिसळून मोजमाप बिघडते. “मावशी, तेजाजीनगरपाशी ट्रकांची रांग लागली की सकाळची सगळी मेहनत वाया जाते,” असे ती म्हणते, तेव्हा तिची तक्रार वाहतुकीची वाटते. माझ्या मते ती शहररचनेची आहे.

प्रयोगशाळा आणि रुग्णालय एकाच आवारात, आणि तेही शहरातच असावे, हा विचार जेथे मोठ्या प्रमाणावर अमलात आला त्या सॅन फ्रान्सिस्कोतील मिशन बे परिसराची हकिगत या संदर्भात पाहण्याजोगी आहे. तेथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेचे, म्हणजे यूसीएसएफचे, जुने आवार पार्नासस नावाच्या टेकडीवर आहे. इमारती वाढत गेल्या तसे शेजारी वैतागले, आणि १९७६ मध्ये विद्यापीठाने त्या टेकडीवरील बांधकामावर स्वतःच मर्यादा घालून घेतली. योगायोग असा, की त्याच वर्षी तेथील प्राध्यापक हर्बर्ट बॉयर यांनी रॉबर्ट स्वॉन्सन यांच्यासह जेनेनटेक ही कंपनी काढली. जिवाणूंकडून मानवी इन्सुलिन बनवून घेण्याचे त्या कंपनीचे काम १९७८ मध्ये साधले आणि १९८२ मध्ये त्या औषधाला अमेरिकेत परवानगी मिळाली.

म्हणजे संशोधन वाढत होते आणि जागा मात्र बांधलेली होती. उपाय सापडला तो रेल्वेच्या जुन्या यार्डांत आणि गोदामांत. मिशन बे येथील ४३ एकर जमीन मालक कंपनीने आणि शहराने विद्यापीठाला दिली, आणि २००३ मध्ये पहिली इमारत उघडली. तिचे नाव जेनेनटेक हॉल. ते नाव निव्वळ कृतज्ञतेपोटी पडलेले नाही: वाढीच्या संप्रेरकाच्या पेटंटवरून विद्यापीठाने याच कंपनीला न्यायालयात खेचले होते, आणि १९९९ च्या तडजोडीत मिळालेल्या २० कोटी डॉलरपैकी ५ कोटी या इमारतीसाठी होते. घरातल्या लेकराशी भांडून घर बांधण्याचा हा प्रकार मला फार गमतीचा वाटतो.

तरीही मिशन बेचे सरसकट कौतुक करावे असे मला वाटत नाही. प्रयोगशाळा २००३ मध्ये तेथे गेल्या, आणि मुले, स्त्रिया व कर्करुग्ण यांच्यासाठीचे २८९ खाटांचे रुग्णालय उघडले ते २०१५ च्या फेब्रुवारीत. मधली बारा वर्षे मूलभूत शास्त्रज्ञांचा मोठा गट खाडीकाठी आणि रुग्ण टेकडीवर अशी फाटाफूट होती, आणि दोहोंना जोडत होत्या विद्यापीठाच्या बसगाड्या. पैसा आणि आखणी असूनही त्यांना जे टाळता आले नाही, ते आपल्याकडे कोणी न आखताच घडले आहे. फरक एवढाच, की त्यांनी रुग्णालय प्रयोगशाळेकडे नेले. आपल्याला प्रयोगशाळा रुग्णालयाकडे आणावी लागेल, कारण एम. वाय.मध्ये माळवा-निमाडातून येणारा गरीब रुग्ण बसस्थानकावरून सहज पोहोचतो आणि त्याला सिमरोलच्या वाटेला लावणे अन्यायाचे होईल.

हे अशक्य नाही, याचा पुरावा २०२० मध्ये मिळाला. करोनाच्या काळात वैद्यकीय महाविद्यालयाच्या विषाणू प्रयोगशाळेतच नमुने तपासले जात होते, आणि निदानासाठी रुग्णालयाशेजारी प्रयोगशाळा असण्याचे मोल त्या वेळी कोणाला समजावून सांगावे लागले नाही. संशोधनासाठी त्याच धर्तीवर सुरुवात लहान असू शकते: बाह्यरुग्ण विभागाजवळ एक अपकेंद्रित्र (रक्त वेगाने फिरवून त्याचे घटक वेगळे करणारे यंत्र), उणे ८० अंशांचे एक शीतकपाट, त्याला खात्रीचा वीजपुरवठा, संमतिपत्रे नीट समजावून सांगणारा एक माणूस, आणि बाहेरच्या संस्थांतील विद्यार्थ्यांना तेथे बसून काम करण्याची लेखी परवानगी. यांपैकी सर्वांत अवघड बाब शेवटचीच आहे, कारण शीतकपाट निविदा काढून घेता येते, पण वेगवेगळ्या खात्यांच्या संस्थांना एका करारावर सही करायला बसवावे लागते.