टँकरच्या बिलातून सापडलेली गडबड

सोलापूरला अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्याचा डेटा बघायचं काम माझ्याकडे आहे, म्हणजे सूत खरेदी टॅलीत, रंगाच्या बॅच एक्सेलमध्ये आणि डिस्पॅच तिसऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये, हे सगळं एका जागी आणायचं.

परवा जुन्या गिऱ्हाइकाकडून माल परत आला. मरून टॉवेल धुतला की पांढऱ्या किनारीवर गुलाबी डाग. डाईंग मास्टर म्हणाले सूत खराब, स्टोअरवाले म्हणाले रंग खराब.

गठ्ठ्याच्या नंबरवरून टॉवेल कुठल्या मागावर विणला ते आणि त्यावरून डाईंगची, म्हणजे सूत रंगवल्याची बॅच काढत गेलो. त्यातच अर्धा दिवस गेला, कारण एकच बॅच कुठे ११२बी, कुठे बी-११२, कुठे ११२/बी. शेवटी यादी लागली तर सुताचे लॉट वेगवेगळे, रंगाची कंपनीही एक नाही! फक्त तारखा मे महिन्यात गोळा झालेल्या.

अकाउंटचे काका मागून बघत होते, म्हणाले, "मे ना? मग टँकरची बिलं बघा की."

टॅलीत 'इतर खर्च' मध्ये प्रत्येक टँकरची एन्ट्री होती, तारखेसकट. शेजारी लावून बघितलं तर खराब बॅच जवळपास सगळ्या टँकर आला त्या दिवशीच्या नाहीतर दुसऱ्या दिवशीच्या. टँकरचं पाणी बोरचं, त्यात कॅल्शियम मॅग्नेशियम भरपूर, रिअॅक्टिव्ह रंग (सुताशी रासायनिक रीतीने जोडला जाणारा) त्यात नीट विरघळत नाही आणि सुतावर न बसलेला रंग सोपिंगला, म्हणजे रंगवल्यानंतरच्या साबणाच्या धुलाईत, पूर्ण निघत नाही, तोच पुढे गिऱ्हाइकाच्या घरी सुटतो. गडद शेडला जास्तच. मास्तरांना हे सगळं माहीत होतं हो, टाकीत कुठलं पाणी आहे हेच त्यांना कोणी सांगत नव्हतं.

मला राहून राहून वाटतं ते वेगळंच. मालकांचं चाललं होतं की जुन्या एन्ट्र्या उडवून नुसती महिन्याची बेरीज ठेवू, सिस्टीम फास्ट होईल. तसं केलं असतं तर मे महिन्यात टँकरला किती पैसे गेले एवढंच दिसलं असतं, कुठल्या दिवशी आला ते गेलंच असतं. जुना डेटा पाहिजे तर वेगळ्या डिस्कवर टाका, पण मूळ एन्ट्री पुसू नका, हे मी त्यांना तिथंच यादी दाखवून सांगितलं आणि त्यांनी ऐकलं.

त्याच तारखांचा नेव्ही ब्लू रंगाचा माल संध्याकाळच्या गाडीत चढणार होता, तो थांबवून परत सोपिंगला पाठवला. आता टँकर आला की वॉचमन वेळ लिहितो, मास्तर पाण्याचा हार्डनेस (जडपणा) तपासून आकडा बॅच कार्डावर टाकतात.